रुमालाखालची भाषा

आमच्या लासलगावच्या घरात एका खुंटीवर लाल काठाचा एक जुना पंचा कितीतरी वर्षे टांगलेला होता. त्याला कोणी हात पुसत नसे, तो कोणी डोक्याला बांधत नसे. आई तो धुवायला घेई तेव्हा आजोबा गमतीने म्हणत, ‘‘जपून गं, ते माझे दुकान आहे.’’

आजोबांना आम्ही दादामियाँ म्हणत असू. ते बैलबाजारात दलाली करीत. बाजाराच्या दिवशी विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला आणि मध्ये दादामियाँ. ते आधी एकाचा हात आपल्या हातात घेत, वर पंचा टाकत आणि त्याखाली बोटांचे बोलणे सुरू होई. मग दुसऱ्याकडे जात, पुन्हा पंचा, पुन्हा बोटे. वरवर पाहणाऱ्याला वाटावे, तीन माणसे पाऊसपाण्याच्या गप्पा मारीत उभी आहेत. भाव ठरत असे तो कापडाच्या आत.

ती लिपी त्यांनी मला लहानपणी शिकवली होती. एक बोट धरले की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. ते पाच म्हणजे पन्नास की पाचशे, हे समोरचे जनावर पाहून दोघांनाही आधीच कळलेले असे. पेर दाबले की अर्धे. बोट हलकेच पिळले की ‘नाही परवडत’. बाजाराबाजारानुसार रीत थोडी बदले. पण एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत, ‘‘बोटं मोजणं कोणालाही येतं बाळ, दाब ओळखता आला पाहिजे. माणसाला नड किती आहे, ते दाबावरून कळतं.’’

हे वाक्य मी विसरून गेलो होतो. ते आठवले ते अगदी अलीकडे, एका मोबाइलमुळे. मी बरीच वर्षे एका कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर हिशेब लिहीत आलो. तिथला एक हमाल माझा जुना दोस्त. त्याच्या मुलाने त्याला नवा फोन घेऊन दिला. फोन वाजला की तो काचेवर बोट ओढतो, पुन्हा ओढतो, आणि फोन वाजून वाजून थांबतो. शेवटी त्याने युक्ती काढली. बोट दुमडून मधल्या पेराने तो काच सरकवतो. मला म्हणाला, ‘‘मास्तर, या काचेला माझं बोट दिसतच नाही.’’

त्याचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. आजच्या फोनच्या काचेखाली नजरेला न दिसणारा विजेचा एक जाळीदार थर असतो. आपले शरीर थोडीफार वीज वाहून नेते. बोट टेकले की त्या जागेचा विद्युतभार किंचित बदलतो, आणि यंत्र ती जागा हेरते. ज्याच्या बोटांना आयुष्यभर पोती उचलून घट्टे पडले आहेत, त्याची जाड, कोरडी कातडी हा बदल पुरेसा घडवू शकत नाही. दादामियाँच्या पंचाखाली मात्र नांगर धरून राठ झालेली बोटेच तर बोलत होती.

त्या दिवसापासून मी बोटांच्या भाषेचा इतिहास चाळू लागलो. आपल्याकडे तिच्यासाठी एक सुंदर जुना शब्द आहे, करपल्लवी. तिची बहीण नेत्रपल्लवी. हाताने बोलायचे ते करपल्लवी आणि डोळ्यांनी बोलायचे ते नेत्रपल्लवी. कवीला मोह पडावा असे हे शब्द. पण त्यांचा व्यापाराशीही जवळचा संबंध आहे. इटालियन प्रवासी लुडोविको दि व्हार्थेमा याचे प्रवासवर्णन १५१० मध्ये प्रसिद्ध झाले. कालिकतचे व्यापारी कापडाखाली बोटांना स्पर्श करून भाव कसा ठरवतात, ते त्यात त्याने नोंदवले आहे. पुढे सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए विजापूरकरांच्या मुलखातील रावळकोंड्याच्या हिऱ्यांच्या खाणींवर गेला. तिथे त्याला हीच रीत दिसली. त्याने तर हिशेबच दिला आहे. पूर्ण हात धरला की हजार, पाच बोटे धरली की पाचशे, एक बोट धरले की शंभर, मधल्या पेरापर्यंत अर्धे बोट धरले की पन्नास, आणि नुसते टोक धरले की दहा. एकच माल भरल्या गर्दीत अनेकदा विकला जाई आणि भोवतालच्या कोणाला भाव कळत नसे, याचे त्याला मोठे नवल वाटले.

त्याला ज्याचे नवल वाटले, तेच पुढे दोष ठरले. मी बी. ए. करीत असताना अर्थशास्त्राच्या पुस्तकात ‘शेतमालाच्या बाजारातील दोष’ असा एक मथळा होता. त्याखाली ‘हत्ता पद्धत’ असे लिहिले होते. मी वाचत गेलो आणि थबकलो. त्या परिच्छेदात मला माझे आजोबाच भेटले. कापडाखाली सौदा होतो, आणि ज्याचा माल आहे त्या शेतकऱ्याला कोणत्या व्यापाऱ्याने किती देऊ केले होते ते कळत नाही. दलालाने सांगितला तो भाव त्याने घ्यायचा. पुस्तक परक्यासारखे बोलत होते, पण खोटे बोलत नव्हते.

हा रुमाल एका दिवसात निघाला नाही. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये कापसाचा पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा आला. १९२८ मध्ये शेतीविषयक शाही आयोगाने देशभर नियंत्रित बाजार असावेत अशी शिफारस केली. मुंबई प्रांताचा शेतमाल बाजारांचा कायदा १९३९ चा. आणि आमच्या लासलगावची बाजार समिती स्थापन झाली १ एप्रिल १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या साडेचार महिने आधी. कारंज्याहून लासलगावी यायला नियमाला ६१ वर्षे लागली. पुढे १९६३ मध्ये महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा झाला. उघड लिलाव आणि सर्वांना ऐकू येईल असा भाव, ही रीत रुजली.

आज आमच्या बाजारात सकाळी या. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेने उभ्या असतात. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकत जातो. स्पर्श तिथेही आहे. व्यापारी कांदा उचलतो, मुठीत दाबून पाहतो, मान वाळली आहे का ते अंगठ्याने चाचपतो, वरची पत्ती हातावर चुरतो. पण भाव बोलला जातो तो मोठ्याने, आणि शेतकरी आपल्या ट्रॉलीशेजारी उभा राहून तो ऐकतो. उघड लिलावाने त्याचे सगळे प्रश्न सुटले असे मी म्हणणार नाही. भाव कोसळतात, लिलाव बंद पडतात, रस्त्यावर कांदा ओतला जातो, हे आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. पण निदान आपल्या मालाला काय बोली लागली, हे त्याला स्वतःच्या कानांनी ऐकता येते.

आता बाजारातून काचेकडे येऊ, कारण बाजारातून निघालेली करपल्लवी तिथे नव्याने जन्मली. इंग्लंडमधील माल्व्हर्न येथे रडारवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेत ई. ए. जॉन्सन नावाचे अभियंते होते. विमानांच्या वाहतुकीवर देखरेख करणाऱ्यांना संगणकाला झटपट सूचना देता याव्यात, म्हणून त्यांनी १९६५ मध्ये बोटाने चालणाऱ्या पडद्याची कल्पना मांडली. त्या पडद्याला एका वेळी एकच स्पर्श कळे, आणि दाब मुळीच कळत नसे. सत्तरच्या दशकात जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुसंशोधन केंद्रात बेंट स्टुम्पे आणि फ्रँक बेक यांनी मोठ्या यंत्राच्या नियंत्रण कक्षासाठी असेच पडदे तयार केले. शेकडो बटणे भिंतीवर बसवण्याऐवजी गरजेपुरती बटणे पडद्यावर उमटवायची, ही त्यामागची सोय.

मला सर्वांत जवळचा वाटला तो १९८२ चा एक प्रयोग. कॅनडातील टोरांटो विद्यापीठात निमिष मेहता या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी एक यंत्र केले. एक दुधी काच, आणि तिच्या मागे कॅमेरा. काचेवर बोटे टेकली की कॅमेऱ्याला पांढऱ्यावर काळे ठिपके दिसत. जितकी बोटे तितके ठिपके. आणि बोट जोरात दाबले की ठिपका मोठा होई. अनेक बोटांचा स्पर्श ओळखणारे हे पहिले यंत्र मानले जाते. मी हे वाचले तेव्हा हसूच आले. बोटे मोजायची आणि दाब ओळखायचा! दादामियाँचा पंचाच तो, फक्त काचेचा.

९ जानेवारी २००७ रोजी ॲपलने आयफोन जगापुढे ठेवला आणि ही करपल्लवी घराघरांत शिरली. दोन बोटे फाकवली की चित्र मोठे, जवळ आणली की लहान, सरकवले की पान उलटले. ती कोणी शाळेत शिकवली नाही. पण या भाषेला मालक मात्र निघाले. बोटांच्या अशा काही हालचालींवर पेटंटे घेतली गेली. ॲपल आणि सॅमसंग यांच्या खटल्यात २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातील ज्यूरीने ज्या मुद्द्यांवर निकाल दिला, त्यांत पडद्यावरच्या बोटांच्या वागणुकीचेही मुद्दे होते. तो तंटा २०१८ मध्ये तडजोडीने मिटला. बैलबाजारातल्या करपल्लवीवर कोणी हक्क सांगितल्याचे मी ऐकले नाही.

दाबाची भाषाही काचेवर येऊन गेली. २०१५ मध्ये ॲपलने जोरात दाबले की वेगळा अर्थ घेणारी काच काढली. २०१९ मध्ये ती सोय गुंडाळली गेली. काचेवर कुठे दाबावे, हे वरून काही दिसत नसे. ज्याला ठाऊक त्यालाच ठाऊक. जी खूण दिसत नाही ती शिकवावी लागते, आणि मला शिकवायला दादामियाँ होते तसे प्रत्येकाला कोण मिळणार?

मग पुढे काय? पुढची वाट काचेपासून दूर जाते. गुगलने २०१९ च्या एका फोनमध्ये छोटे रडार बसवले. काचेला न शिवता, हवेत हात हलवून तो फोन चालवता येई. त्या रडारला लागणाऱ्या ६० गिगाहर्ट्झच्या लहरींना आपल्याकडे परवानगी नसल्याने तो फोन भारतात विक्रीला आलाच नाही, आणि कंपनीनेही पुढच्या वर्षीच्या फोनमधून ते काढून टाकले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत ॲपलचे डोळ्यांवर चढवायचे यंत्र विक्रीला आले. त्यात हवे ते नजरेने निवडायचे आणि अंगठा तर्जनीला टेकवून ‘हो’ म्हणायचे. नेत्रपल्लवी आणि करपल्लवी, दोघी बहिणी एका यंत्रात नांदू लागल्या. अंगठा बोटाला टेकवण्याची ही खूण आपल्याला नवी नाही. नमाजानंतर अब्बा बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत तसबीह मोजत, आणि ओट्यावर बसलेले शेजारचे काका तसेच पेरांवर रामनाम मोजत. दोघांचाही हिशेब वरच्याशी होता, मध्ये कोणी दलाल नव्हता.

सप्टेंबर २०२५ मध्ये मेटा कंपनीने अमेरिकेत चष्म्याबरोबर एक मनगटी पट्टा आणला. बोट हलवायची आज्ञा मेंदूकडून स्नायूंना मिळते, तेव्हा स्नायूंत विजेची सूक्ष्म सळसळ होते. हा पट्टा ती मनगटावरच टिपतो. हात समोर धरण्याचीही गरज नाही. तो मांडीवर असो, पाठीमागे असो, खिशात असो, यंत्राला बोटांचे बोलणे कळते. ज्यांचे हात कापतात, ज्यांना बोटे नीट उचलता येत नाहीत, त्यांना हे वरदान ठरू शकेल. माझ्या हमाल दोस्तालाही कदाचित काचेची मनधरणी करावी लागणार नाही. पण मी ही बातमी वाचली आणि मला खुंटीवरचा पंचा दिसला. सौदा पुन्हा कापडाखाली चालला.

इथे मला दादामियाँनी अखेरच्या दिवसांत सांगितलेली एक गोष्ट तुमच्यापुढे ठेवायची आहे. ते अंथरुणावर होते. मी उशाशी बसलो होतो. म्हणाले, ‘‘एकदा एक शेतकरी आला होता. बैल चांगला होता, दात जुळलेले, चाल सरळ. मी पंचा टाकला. तो भाव ताठ सांगत होता, पण त्याचं बोट माझ्या मुठीत थरथरत होतं. मला कळलं, याला आजच पैसे लागतात. मग मी घेणाऱ्याचा हात धरला आणि ती थरथर त्याला सांगून टाकली. पन्नास रुपये कमी पडले त्या माणसाला.’’ थोडे थांबून ते म्हणाले, ‘‘भाव सांगणं माझं काम होतं. थरथर सांगणं माझं काम नव्हतं.’’

स्पर्शाच्या भविष्याविषयी मला जे म्हणायचे आहे ते सगळे या दोन वाक्यांत आहे. आपण काचेवर बोट ठेवतो तेव्हा दोन गोष्टी देतो. एक, आपली आज्ञा. हे उघड, ते बंद कर, याला पैसे पाठव. ती आपण जाणूनबुजून देतो. दुसरी देतो ती नकळत. बोट कुठल्या चित्रावर थबकले, कुठून झरकन पुढे गेले, एकाच वस्तूच्या किमतीकडे किती वेळा परत आले. हे मोजता येते, आणि आज अनेक ॲप ते मोजतात. उद्या मनगटावरचा पट्टा याहून खोलचे मोजू शकेल. बोटांतील भाव यंत्राला कळायलाच हवा, त्याशिवाय ते चालणार नाही. पण थरथर? ती त्याने कोणाला सांगायची, हे ठरवणार कोण?

काही बनवणाऱ्यांना याची जाणीव आहे, हेही सांगितले पाहिजे. नजरेने चालणाऱ्या त्या यंत्राबद्दल ॲपल म्हणते, की तुमची नजर कुठे कुठे फिरली ते आम्ही ॲपना कळू देत नाही. तुम्ही बोटे जुळवून जे निवडता तेवढेच त्यांच्यापर्यंत जाते. म्हणजे भाव सांगायचा, थरथर सांगायची नाही. चांगली गोष्ट आहे. पण दलालाच्या सचोटीवर बाजार चालत नाही, म्हणून तर कायदा लागला. आपल्याकडे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले, आणि २०२३ मध्ये संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. कारंज्याचे १८८६ साल म्हणावे तसे हे आहे. ते आमच्या खळ्यापर्यंत पोहोचायला पुन्हा ६१ वर्षे लागू नयेत.

आणि आणखी एक मागणी, माझ्या आपाची. माझ्या थोरल्या बहिणीने तीस वर्षे खळ्यावर कांदे निवडले, विळ्याने त्यांच्या माना कापल्या. एकदा ती रेशन आणायला गेली. यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्र म्हणाले, जुळत नाही. हात धुऊन आली, पुन्हा ठेवला. कोणी म्हणाले, अंगठा केसांना घासा. तोही घासला. तिसऱ्यांदा तेच. नियमांत अशा माणसांसाठी दुसऱ्या वाटा असतात, पण त्या दिवशी तिथे त्या तिला कोणी सांगितल्या नाहीत. रिकामी पिशवी घेऊन ती घरी आली आणि हसत म्हणाली, ‘‘माझा अंगठा कांद्यानं खाल्ला रे.’’ ती हसली, मला हसता आले नाही. अंगठ्याची ओळख आणि बोटांची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कळते. पण दोन्ही यंत्रे बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जे बोट असते, ते आपाचे नसते. मऊ, स्वच्छ, कोरडे, घट्टा न पडलेले बोट असते ते.

म्हणून स्पर्शाच्या नव्या खुणा ठरवणाऱ्यांना, मग ते कॅलिफोर्नियात बसलेले असोत की पुण्या-बंगळुरात, मला सांगावेसे वाटते, एकदा सकाळी लासलगावला या. आमच्या हमालांचा, कांदे निवडणाऱ्या बायकांचा हात हातात घेऊन पाहा. त्या हातांना कळेल आणि त्या हातांचे कळेल असे यंत्र करा. आणि त्याने त्यांचे काय काय टिपले, ते त्यांनाही दिसू द्या.

दादामियाँ गेले तेव्हा तो पंचा कोणाला द्यावा असा प्रश्न पडला. दलाली पुढे कोणीच केली नाही. आपाने तो धुऊन, घडी करून ठेवला. पुढे कधीतरी तिच्या नातवंडाच्या पाळण्यात तो अंथरला गेला. परवा ती मला म्हणाली, ‘‘फार मऊ झालाय रे तो आता.’’